आरोपीच्या पिंजऱ्यातली आई

आमचा मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. हाक मारली तर वळून बघायचा नाही. डब्याचं स्टीलचं झाकण शहाबादी फरशीवर गरगर फिरवायचं, ते आडवं पडेपर्यंत फरशीला गाल टेकवून बघत राहायचं आणि पुन्हा फिरवायचं, यात त्याचा दिवस जाई. त्या काळात घरी येणाऱ्या प्रत्येकाला कारण ठाऊक होतं. "पोटुशी असताना सारखी रडायचीस, म्हणून." "सहा महिन्यांचा असताना पाळणाघरात टाकलंस, म्हणून." "मोबाइल दाखवून भरवतेस, म्हणून." "तू त्याच्याशी बोलतच नाहीस, मग पोर बोलणार कुठून?" सगळी वाक्यं माझ्या बायकोला उद्देशून. मी तिथेच बसलेला असायचो. मला एकदाही कुणी काही विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. तेव्हा जे बोलायला हवं होतं, ते आज लिहितो आहे.

मूल म्हणजे ओल्या मातीचा गोळा आणि आईबाप म्हणजे कुंभार, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कीर्तनात ऐकलं, स्नेहसंमेलनात ऐकलं, पालकसभेतही ऐकलं. ऐकायला ते गोड वाटतं, त्यात आईचा गौरव आहे असंही वाटतं. पण मडकं वाकडं निघालं की याच दाखल्यातून थेट आरोपपत्र तयार होतं. जिजाऊंचं नाव घेऊन व्यासपीठावर जिला नमस्कार करतो, तिचंच मूल चारचौघांपेक्षा वेगळं निघालं की तिला जाब विचारतो. कौतुक करताना आपण 'आईबाप' म्हणतो, दोष देताना मात्र त्यातला बाप अलगद गळून पडतो.

हे फक्त शेजारणी आणि आत्याबाई करतात, असं कुणी समजू नये. गेल्या शतकात हाच आरोप शास्त्राच्या नावाने झाला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले डॉ. लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांची टिपणं प्रसिद्ध केली. ऑटिझम, म्हणजे आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो, तिचं हे पहिलं गाजलेलं वर्णन. ही अवस्था जन्मजात दिसते, असं त्यांनी तेव्हाच लिहिलं होतं. पण या मुलांच्या आईवडिलांत माया कमी दिसते, असंही त्यांनी नोंदवलं आणि पुढे 1949 साली अशा घरांना चक्क रेफ्रिजरेटरची उपमा दिली. लोकांनी 'जन्मजात' विसरलं आणि रेफ्रिजरेटर उचलला. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी तर 1967 सालच्या आपल्या पुस्तकात या मुलांची तुलना नाझी छळछावणीतल्या कैद्यांशी केली. ते स्वतः डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छावण्यांत राहून आले होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. छावणीच्या पहारेकऱ्याच्या जागी त्यांनी कोणाला बसवलं? आईला. आणि उपाय कोणता, तर मुलाला आईबापांपासून दूर ठेवायचं. किती आयांनी ते मुकाट्याने मान्य केलं असेल, याचा विचार केला तरी पोटात कालवतं.

या आरोपाला उत्तर बेटलहाइम यांच्या पुस्तकाआधीच मिळालं होतं, तेही एका बापाकडून. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ, त्यांचा मुलगा स्वमग्न. 1964 सालच्या पुस्तकात त्यांनी साधे प्रश्न मांडले. हीच आई, हेच घर, मग याच आईची बाकीची मुलं चांगली बोलती-चालती कशी? काही मुलांची लक्षणं अगदी तान्हेपणापासून दिसतात, ती कशी? मुलींपेक्षा मुलग्यांत प्रमाण जास्त का? आईचा थंडपणा मुलगा-मुलगी बघून येतो का?

पक्का पुरावा पुढे 1977 साली आला. सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत निदान एक मूल स्वमग्न होतं. अकरा जोड्या एकाच बीजापासून झालेल्या एकसारख्या जुळ्यांच्या होत्या, त्यांतल्या चार जोड्यांत दोन्ही मुलं स्वमग्न निघाली. दहा जोड्या वेगवेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांच्या होत्या, त्यांत अशी एकही नव्हती. दोघांची आई तीच, गर्भारपणातलं रडणं तेच, पाळणाघरही तेच. आईचं वागणं हे कारण असतं, तर दोन्ही प्रकारच्या जोड्यांत चित्र सारखंच दिसायला हवं होतं. जोड्या थोड्या होत्या हे खरं, पण नंतरच्या मोठमोठ्या अभ्यासांनीही बोट आनुवंशिकतेकडेच दाखवलं. आनुवंशिकता म्हटल्यावर पुन्हा आईकडे वळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की मुलाला निम्मी गुणसूत्रं बापाकडून मिळतात.

आता मोबाइल. दिवसातले चार-चार तास पडद्यापुढे गेले तर मुलाशी बोलणं-खेळणं तेवढं कमी होतं. पडद्यापुढचा वेळ कमी करावा, आम्हीही केला. पण मोबाइलमुळे मूल स्वमग्न झालं, असं जे छातीठोकपणे सांगतात, त्यांनी कॅनर यांची अकरा मुलं आठवावीत. ती 1930च्या दशकात जन्मली. तेव्हा घराघरांत टीव्हीसुद्धा नव्हता.

विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा या पोरकट कारणांत नाही. तो रुमानियात आहे आणि तो टाळून मला पुढे जायचं नाही. हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट 1989 साली कोसळली तेव्हा तिथल्या अनाथालयांत हजारो मुलं लोखंडी पाळण्यांत पडून होती. त्यांना उचलून घेणारं कुणी नव्हतं, बोलणारं कुणी नव्हतं. इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या अशा मुलांचा अभ्यास त्याच मायकेल रटर यांनी केला आणि त्यांतल्या काहींमध्ये स्वमग्नतेसारखी लक्षणं त्यांना आढळली. मग आईबापांच्या मायेचा संबंध सिद्ध झाला ना, असं कुणी म्हणेल. झाला, पण कशाशी? कुणीच नसण्याशी. कुटुंबात आल्यावर यांतल्या काही मुलांची ती लक्षणं ओसरत गेली आणि म्हणूनच रटर यांनी त्यांना नेहमीच्या स्वमग्नतेपेक्षा वेगळं मानलं. बुखारेस्टमध्ये 2000 सालानंतर झालेल्या अभ्यासात 136 मुलांपैकी निम्म्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवलं. त्यांची प्रगती संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली झाली आणि वयाची दोन वर्षं व्हायच्या आत घरात आलेल्यांना तर अधिकच फायदा झाला. आईबापांचा प्रभाव केवढा असतो, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. पण सहा वाजता उठून पोळ्या लाटणारी, लोकलमध्ये उभ्याने डोळे मिटणारी, संध्याकाळी पोराला कडेवर घेऊन भाजी आणणारी बाई आणि तो लोखंडी पाळणा, या दोन गोष्टी एका मापाने मोजणारा माणूस शास्त्र बोलत नाही. तो निव्वळ क्रूरपणा करतो.

या क्रूरपणाची किंमत आम्ही मोजली आहे. आधी दृष्ट काढून झाली, उतारे झाले. एका डॉक्टरांनी "आईने नोकरी सोडावी, होईल नीट" एवढंच सांगितलं. तिने सोडली. हळदीकुंकवाला जाणं बंद केलं, माहेरी जाणं बंद केलं. रात्री मी उठलो तर ती अंधारात बसून आपण कुठे चुकलो ते आठवत असायची. जवळपास वर्ष असं गेलं. त्या वयातलं वर्ष पुन्हा मिळत नाही आणि ते आमच्या मुलाच्या वाट्यातून गेलं. मूल कसं शिकेल हे बघायचं सोडून आई स्वतःच्या अपराधाचा हिशेब करत बसली.

आईबाप काय करू शकतात, हे मला त्या झाकणाने शिकवलं. आधी मी ते हिसकावून घ्यायचो. तो किंचाळायचा, मी ओरडायचो. थेरपिस्टबाईंनी सांगितलं, हिसकावू नका, शेजारी बसा, त्याचं बघा आणि थांबा. मी दुसरं झाकण घेऊन फरशीवर पालथा पडलो. त्याने फिरवलं की मी फिरवायचो. चार-पाच दिवस त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मग एका रविवारी माझं झाकण आडवं पडलं, मी मुद्दाम उचललं नाही आणि त्याने ते उचलून माझ्या हाताकडे सरकवलं. वर मान करून पाहिलं. क्षणभरच, पण माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी त्याला घडवलं नव्हतं, त्याच्या दारात जाऊन थांबलो होतो इतकंच.

हा माझ्या एकट्याचा अनुभव म्हणून सोडून देऊ नका. गोव्यात आणि रावळपिंडीत मिळून 65 स्वमग्न मुलांना घेऊन असाच प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. मोठे तज्ज्ञ नव्हेत, प्रशिक्षण घेतलेले साधे आरोग्यकार्यकर्ते आईबापांना त्यांचेच मुलासोबत खेळतानाचे व्हिडिओ दाखवत आणि मूल काय सांगू पाहतं आहे ते ओळखायला शिकवत. आईबापांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली. स्वमग्नता गेली नाही आणि कुणी तसा दावाही केला नाही. पण ज्या आईला बेटलहाइम मुलापासून दूर ठेवणार होते, तिच्याच हातात इथे उपचार दिला होता.

आमचा मुलगा आता आठ वर्षांचा आहे. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो. पाणी हवं असलं की माझं बोट धरून माठाशी नेतो आणि "बाबा, पाणी दे" म्हणतो. त्याच्या आईने पुन्हा नोकरी धरली आहे.

तुमच्या घरात, नात्यात, शेजारी दीड वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, तर त्याच्या आईला काही विचारू नका. अनेक जिल्हा रुग्णालयांत सरकारचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे अशा मुलांची तपासणी मोफत होते. त्याच्या बापाला सांगा, उद्या सुट्टी टाक आणि पोराला घेऊन तिथे जा.