गोडीचे माप कोणाच्या हाती?

बारामती-इंदापूर पट्ट्यातील द्राक्षे आणि डाळिंबे यांची पारख आजवर व्यापाऱ्याच्या नजरेने आणि बोटांनी होत आली. आता हातात मावणारे प्रकाशयंत्र ती करू लागले आहे. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश फळात शिरतो; पाणी व साखर त्याचा काही अंश शोषून घेतात; परतलेल्या प्रकाशावरून यंत्र गोडीचा अंदाज सांगते. फळ फोडावे लागत नाही, हा त्याचा मोठाच गुण होय.

या साधनाचे आम्ही स्वागत करतो. परंतु ते सर्वज्ञ नव्हे. द्राक्षाच्या पातळ सालीतून प्रकाश सहज जातो, डाळिंबाच्या जाड सालीपुढे अडखळतो. शिवाय प्रत्येक वाणाचा रस प्रत्यक्ष तपासून यंत्राचे आकडे जुळवून घ्यावे लागतात. बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र आणि माळेगावची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था जवळ असताना ही जुळवणी येथल्याच फळांवर व्हावयास हवी.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, हा आकडा कोणाच्या हाती राहणार? यंत्र केवळ खरेदीदाराच्या खिशात राहिले, तर भाव पाडण्यास ते नवे निमित्तच ठरेल. तराजूची तपासणी होऊन त्यावर शिक्का बसतो. २००९ चा वैधमापन कायदा त्याचसाठी आहे. मग गोडीच्या मापाला तशी शिस्त का नसावी? बाजार समित्यांनी लिलावापूर्वी शेतकऱ्यासमक्ष मोजणी करावी आणि आकडा त्याच्या पट्टीवर लिहून द्यावा. ज्याला वजनात नाडण्यास कायद्याने मज्जाव आहे, त्याला गोडीत नाडण्याची मुभा कोणासही असू नये.