वनस्पती तेल घाला, पण नाव सांगून विका

आइस्क्रीम व कुल्फीच्या धंद्यात आपले पुष्कळ भाऊबंद आहेत. दुधाची मलई महाग पडते, म्हणून पाम किंवा खोबरेल तेल घालून माल बनतो आणि 'वनस्पतीचा आहे, तब्येतीला चांगला' असे गिऱ्हाइकास सांगितले जाते. आमच्या मते हे अर्धसत्य आहे. दुधाच्या चरबीत संपृक्त चरबी साधारण ६५ टक्के, पाम तेलात ५० आणि खोबरेल तेलात ९० टक्के असते. सूर्यफुलाच्या तेलात ती बरीच कमी. पण ते थंडीतही घट्ट होत नाही आणि माल लवकर वितळतो. म्हणून घट्ट तेलाशी त्याचे मिश्रण जमवावे लागते. ही मेहनत जो करील, त्यानेच तब्येतीचे नाव घ्यावे.

कायद्याने असा माल 'आइस्क्रीम' नव्हे, 'फ्रोजन डेझर्ट' आहे आणि वेष्टनावर वनस्पती तेलाचा उल्लेख करावा लागतो. आम्ही कापडवाले. टेरिकॉट वाईट नाही. पण अस्सल सुती म्हणून विकले की दगा होतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड केला होता. आपल्या डब्यावरही आतल्या मालाचे खरे नाव असू द्या. बरकत त्यातच आहे.