घरातला साप : हौस आणि दायित्व

नागपंचमीला पाटावर गंधाने नाग रेखाटून त्याला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवायचा आणि एरवी परसात काही सळसळले की काठी शोधायची, हे मराठी समाजाचे सापाशी असलेले परंपरागत नाते होय. पूजा आणि हत्या या दोन टोकांमध्ये सापाकडे केवळ एक प्राणी म्हणून पाहण्यास फारशी जागाच उरली नाही. आता मात्र मोठ्या शहरांतील काही घरांत साप तिसऱ्याच नात्याने प्रवेश करू लागला आहे. पोपट किंवा मासे पाळावेत तसा तो काचेच्या पेटीत पाळला जातो. यामुळे सापाविषयीचे अकारण भय ओसरत असेल, तर ते स्वागतार्हच मानले पाहिजे. परंतु भय गेले म्हणजे ज्ञान आले, असे होत नाही; आणि ज्ञानावाचून केलेली हौस मुक्या प्राण्याच्या जिवावर बेतते.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. नाग, घोणस, धामण, मांडूळ, अजगर इत्यादी आपल्याकडील सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते पकडून घरी ठेवणे हा तुरुंगवासास पात्र असा गुन्हा आहे. मग ते बाळगण्यामागे कुतूहल असो, भक्ती असो वा द्रव्यलोभ असो. मांडुळाने गुप्तधन सापडते या खुळचट समजुतीपायी या निरुपद्रवी प्राण्याची लाखो रुपयांच्या बोलीवर तस्करी व्हावी, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट नव्हे. तेव्हा घरी साप पाळण्याचा प्रश्न उद्भवतो तो परदेशी जातींपुरताच. त्यांत हौशी लोकांची विशेष पसंती आहे ती पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन या लहानखुऱ्या अजगराला. घाना, टोगो व बेनिन या देशांतून त्याची दीर्घकाळ मोठ्या संख्येने निर्यात होत आली आहे. हा साप बिनविषारी, चार-पाच फुटांपलीकडे सहसा न वाढणारा आणि भ्याला की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवणारा आहे. त्यामुळे तो पाळण्यास सोपा, असे विक्रेते सांगतात.

हे सोपेपण तपासून पाहिले पाहिजे. साप स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करून ती टिकवू शकत नाही. उन्हात येऊन आणि सावलीत जाऊन तो देहाचे तापमान राखतो. म्हणून त्याच्या पेटीची एक बाजू सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस उबदार आणि दुसरी २५ ते २७ अंश अशी तुलनेने थंड ठेवावी लागते. उष्णता देणाऱ्या साधनाला थर्मोस्टॅट नसेल, तर सापाचे पोट भाजते आणि मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. हवेतील आर्द्रता ५५ ते ७० टक्के राहिली नाही, तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरचे जुने आवरण तसेच चिकटून राहते. दोन्ही बाजूंना अंग चोरून बसता येईल अशी अंधारी लपण हवी, बुडून बसता येईल एवढे पाण्याचे भांडे हवे, तळाला काथ्याचा स्वच्छ भुसा हवा आणि झाकणाला पक्की कडी हवी. साप पाळणे म्हणजे माया लावणे नव्हे. एका दूरच्या प्रदेशाचे हवामान चार भिंतींत अहोरात्र सांभाळणे होय.

हे हवामान सांभाळणे आपल्याकडे अधिकच बिकट. या विषयावरील पुस्तके बहुधा थंड देशांत लिहिली गेली असल्याने त्यांत ऊब कशी द्यावी याचीच चर्चा अधिक असते. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा प्रश्न असतो तो पेटी थंड कशी ठेवावी याचा. कारण अतिउष्णता सापाला थंडीपेक्षा कितीतरी लवकर मारते. कोकणातील पावसाळ्यात तळ सतत ओला राहून कातडीचे व श्वसनाचे रोग बळावतात, तर पुण्याच्या हिवाळ्यात रात्रीचा पारा १० अंशांखाली उतरतो. त्यात वीज गेली, म्हणजे सगळी व्यवस्था कोलमडते. आणि साप आजारी पडलाच, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या उपचारांत मुरलेले पशुवैद्य किती शहरांत सापडतील?

आहाराचा प्रश्नही शाकाहारी-मांसाहारी वादापुरता नाही. साप दूध पीत नाही; त्याला अख्खा उंदीर लागतो. लहान सापाला आठवड्याला एक, मोठ्याला दोन-तीन आठवड्यांनी एक, आणि तोही सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाहून फार मोठा नसावा. जिवंत उंदीर पेटीत सोडण्याची प्रथा उंदरासाठी क्रूर आणि सापासाठी घातक आहे, कारण जिवाच्या आकांताने उंदीर सापाला चावून गंभीर जखमा करतो. गोठवून ठेवलेला उंदीर पूर्णपणे वितळवून, कोमट करून देणे हा सुरक्षित मार्ग. पण त्यासाठी घरच्या शीतकपाटात त्याला जागा देण्यास कुटुंबाची संमती लागते. शिवाय हा साप कित्येकदा आठवडेच नव्हे, महिनेही अन्नाला तोंड लावत नाही. अशा वेळी वजनावर लक्ष ठेवून धीर धरणे हे काम असते. नवखा मालक मात्र घाबरून त्याला वारंवार हाताळतो आणि त्याची भीती वाढवतो. साप हाताळल्यावर साबणाने हात धुणेही अनिवार्य आहे, कारण सापाच्या अंगावर साल्मोनेला हे रोगजंतू असू शकतात. घरात लहान मुले असतील तेथे ही काळजी दुप्पट हवी.

यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. कुत्रा विव्हळतो, मांजर गुरगुरते, पोपट ओरडतो. साप दुःखाचा उच्चार करीत नाही. साप डूख धरतो असे आपली भाषा म्हणते, पण तो डूख धरीत नाही आणि लळाही लावीत नाही. हातावर शांत बसलेला साप प्रेमाने बसला आहे की भयाने थिजला आहे, हे अनभिज्ञाला कळत नाही. या मौनाचा गैरफायदा बाजार घेतो. बॉल पायथनच्या ‘स्पायडर’ नामक रंगप्रकारात नक्षीबरोबरच मज्जासंस्थेचा दोष पिढीजात उतरतो. त्या सापाचे डोके डुगडुगते, तोल जातो. तरीही केवळ नक्षीसाठी त्यांची पैदास होत आली. ज्याची वेदना ऐकू येत नाही, त्याच्याविषयीचे दायित्व कमी होत नाही, उलट वाढते.

हे दायित्व किती काळचे, याचाही विचार खरेदीपूर्वी होत नाही. हा साप नीट सांभाळल्यास वीस-तीस वर्षे जगतो. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या मादीने २०२० मध्ये, वयाची साठी उलटल्यावर, अंडी घातली. महाविद्यालयातील विद्यार्थ्याने आज घेतलेला साप त्याची नोकरी, बदली, विवाह आणि अपत्यांचे शिक्षण पाहील. मधेच कंटाळा आला म्हणून त्याला जवळच्या टेकडीवर सोडणे ही भूतदया नव्हे. फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स या पाणथळ प्रदेशात पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून सुटलेल्या ब्रह्मी अजगरांनी घर केले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथे रॅकून दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले.

शासनाने काहीच केले नाही, असे नाही. वन्यजीव कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली आणि साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या सूचीतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम झाले. अजगर कुळातील असल्याने बॉल पायथनला ते लागू आहेत. परंतु तितकाच लोकप्रिय असलेला अमेरिकेतील कॉर्न स्नेक त्या सूचीत नाही. शिवाय साप कोणाकडे आहे, याची नोंद झाली म्हणजे तो कसा आहे, हे कळले असे होत नाही. सरसकट बंदी हा त्यावर उपाय म्हणून सुचवला जातो; पण बंदीने व्यापार चोरवाटांनी चालतो आणि आजारी साप वैद्यापर्यंत येईनासा होतो. त्याऐवजी विक्रेत्याने संगोपनाची मराठीत लेखी माहिती देणे, खरेदीपूर्वी पेटीची व्यवस्था दाखवणे आणि नकोसे झालेले साप स्वीकारणारी केंद्रे उभारणे, या तीन गोष्टी सक्तीच्या झाल्या पाहिजेत.

ज्यांना हे सारे वीस-तीस वर्षे झेपेल, त्यांनी कायदा पाळून आणि अभ्यास करून साप अवश्य पाळावा. ज्यांना केवळ सापाविषयी कुतूहल आहे, त्यांच्यासाठी पुण्याचे कात्रज सर्पोद्यान आहे, ग्रंथालये आहेत आणि आपल्या शेताच्या बांधावरून उंदीर टिपत फिरणारी धामणही आहे. शाळेतील शिक्षकाने आपल्या गावातील चार विषारी आणि दहा बिनविषारी साप विद्यार्थ्यांना ओळखायला शिकवले, तर एका पेटीतल्या सापापेक्षा कितीतरी अधिक साप वाचतील, आणि माणसेही.