‘अवैध’ कोण? : संगणकीय मराठीतील सौजन्य

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पोलादपूरच्या डोंगरउतारावरील नाचणीची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करावी, असे ठरले. अशा संगणकप्रणालींच्या माहितीपुस्तिकांची भाषा म्हणूनच विचारार्ह ठरते. ‘इनव्हॅलिड’साठी सर्रास ‘अवैध’ हा शब्द योजला जातो. मराठी कानाला त्यातून ‘बेकायदा’ ऐकू येते. क्रमांक चुकतो आणि ठपका माणसावर येतो. आधी ‘कृपया’ जोडल्याने हा दोष जात नाही. मराठीचे सौजन्य ‘दाब’, ‘दाबा’, ‘दाबावे’ या क्रियारूपांत वसते. ‘क्रमांक जुळत नाही, सातबारा पाहून पुन्हा भरावा’ एवढे पुरे. राज्यव्यवहारकोश करविणाऱ्या राजाची राजधानी महाड तालुक्यातच आहे. कारभाराच्या शब्दांविषयीचे ते भान आपण का सोडावे?