कचरा खोटं बोलत नाही

दिवाळी संपली की आमच्या सोसायटीत कचऱ्याच्या डब्यांपाशी खोक्यांचा किल्ला उभा राहतो. पोरांनी केलेला मातीचा किल्ला त्यापुढे अगदीच टेकडी वाटते.

इतिहास आपल्याला कशासाठी लक्षात ठेवेल, असा विषय निघाला की आम्ही आयटीवाले छाती फुगवून इंटरनेट, मोबाईल वगैरे सांगतो. मला शंका आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांनी एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही. तरी ते काय खायचे, कसे राहायचे हे कळलं. खापरं, जळकं धान्य आणि हाडं यांवरून. म्हणजे बरंचसं त्यांनी टाकून दिलेल्या गोष्टींवरून!

बरं, आपण लिहून ठेवतोय त्याचा तरी काय भरवसा? विल्यम राथजी या पुरातत्त्वज्ञाने १९७३ पासून अमेरिकेतल्या टूसॉन शहरात घरोघरचा कचरा चक्क संशोधन म्हणून उपसला. लोक जेवढी बिअर पितो म्हणून सांगायचे, त्याहून जास्त कॅन डब्यात निघायचे. आपल्या ‘साधी राहणी’चंही असंच होणार. मी लिहिलेला कोड पाच वर्षं टिकत नाही, पण त्या पगारातून आलेल्या हेडफोनच्या खोक्यातला थर्मोकोल माझ्या नातवंडांनंतरही असेल.

आणि तो असेल कुठे? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोवर गेला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, लोकांनी गाड्या अडवल्या, आंदोलनं केली. सेल आमचा, वास त्यांना. आमच्या हापिसातल्या किती जणांनी तो डेपो पाहिलाय? उद्याचे पुरातत्त्ववाले मात्र पहिलं खोदकाम तिथेच करतील.

मग सणाला काही घ्यायचंच नाही का? घ्यायचं की! धनत्रयोदशीला भांडं घ्यायची रीत आपलीच. पण जुन्या घरातलं कुठलंही पितळी पातेलं उलटं करून बघा. नाव असतं, तारीख असते, कधी कुणाच्या मुंजीचा उल्लेख असतो. कुणी कुणाला, कधी, कशासाठी दिलं, सगळा इतिहास दोन ओळींत. आपल्या खोक्यावर बारकोड आणि ऑर्डर नंबर. सहा महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही की हे मागवलं कशाला होतं.

असो. यंदा आईसाठी एकच डबा घेतला, स्टीलचा, चांगला जाड. नाव घालून द्याल का विचारलं. दुकानदाराने कुठूनतरी मशीन शोधून काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाला, ‘‘घालतो साहेब, पण नाव घातलं की एक्सचेंज होणार नाही हां.’’