गळ्यात ताईत, पण कार्ड कुठंय?

मैत्रिणींनो, परवा नांदेडला आमच्या बचतगटाच्या बैठकीला एक नवी सून लेकराला घेऊन आली. सहा महिन्यांचं गोड लेकरू! गालावर काळं तीट, मनगटात काळे मणी, कमरेला करदोटा आणि गळ्यात चक्क दोन ताईत. एक आजीनं माहूरगडावरून आणलेला, दुसरा शेजारच्या खालांनी कंधारच्या दर्ग्यातून. आपला मराठवाडा असाच आहे. 'ताईत' हा शब्दही मूळचा अरबीच!

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही बरं का. तुर्कस्तानात निळ्या काचेचा डोळा लेकरांच्या कपड्याला टाचतात, त्याला तेही 'नजर'च म्हणतात. इटलीत लाल शिंगाच्या आकाराचं पदक, जपानमध्ये देवळातून आणलेली छोटी कापडी पिशवी. आईचा जीव सगळीकडे सारखाच. म्हणून त्या सुनेला मी हसले नाही.

पण गेल्या पावसाळ्यात लातूरला माहेरी गेले होते, तेव्हाची गोष्ट विसरता येत नाही. गल्लीतल्या आठ वर्षांच्या पोराला कुत्रा चावला. घरच्यांनी मंतरलेला गंडा बांधला आणि निश्चिंत झाले. जखम साबणानं धुतलीसुद्धा नव्हती! तिसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा मी आणि वहिनी त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. इंजेक्शनं सुरू झाली. पोरगं आज शाळेत जातंय. पण रेबीज एकदा झाला की त्यावर इलाज नाही, हे त्या माउलीला कुणी सांगितलंच नव्हतं.

2013 साली आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. श्रद्धेनं ताईत बांधणं त्यात गुन्हा नाही. पण कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षं तुरुंगवास आहे.

मला वाटतं, सासूबाईंशी ताईतावरून भांडू नये. त्यामागे त्यांची माया असते. फक्त 'आधी दवाखाना, मग दोरा' एवढं घरात ठरवून टाकावं. आणि झोपताना लेकराच्या गळ्यातला दोरा काढून ठेवावा, फास बसायची भीती असते.

त्या सुनेला मी एकच विचारलं, "लसीचं कार्ड कुठंय गं?" ती गप्प झाली. दोन डोस राहिले होते. आता आम्ही दोघी मिळून लस द्यायला जाणार आहोत.

तुमच्या गल्लीतल्या लेकरांची कार्डं तुम्ही पाहिलीत का?