खड्ड्यातही चांगलं बघायला सांगणाऱ्यांसाठी

परभणीकरांनो, मागच्या आठवड्यात रस्त्यावरच्या खड्ड्याचा फोटो टाकला, तर एका मित्राने लिहिलं, "भाऊ, किती निगेटिव्ह! खड्ड्यामुळं गाड्या हळू चालतात, असा विचार करा की." दुसरा म्हणाला, नळाला पाणी उशिरा आलं की पाण्याची किंमत कळते. तिसऱ्याच्या मते कार्यालयातल्या रांगेत संयम वाढतो. आजकाल सगळेच मोटिव्हेशनल स्पीकर झालेत.

आपल्याला हे काही नवीन नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणत आपण छाती फुगवतो, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणत हसतो, अन् विषय तिथंच संपतो. दुखणं विनोदात बुडवायची आपली सवय लई जुनी आहे.

सकारात्मक विचाराला माझा विरोध नाही. मे महिन्यातलं ऊन आपल्या हातात नाही. पॅसेंजर क्रॉसिंगला अडकली तर आरडाओरडा करून बीपी तेवढा वाढतो. मी पिशवीत पुस्तक ठेवतो, वेळ बरा जातो.

पण ज्या मानसशास्त्राच्या नावावर हा उपदेश चाललाय, ते असं सांगतच नाही. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसतज्ज्ञाने 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मराठीत ती कि. मो. फडके यांनी पोचवली. एलिसचा मुद्दा साधा होता. घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला अट्टहास आपल्याला जास्त जाळतो. 'असं व्हायलाच नको होतं, आता सगळं संपलं' हा हट्ट सोडा. पण वाईट गोष्टीला चांगली म्हणा, असं तो म्हणत नाही. वाईट वाटणं, नाराज होणं, काळजी वाटणं या त्याच्या मते निरोगी भावना आहेत, कारण त्या माणसाला कामाला लावतात. म्हणजे खड्ड्यावरून डोकं फिरवून घेऊ नका, पण खड्ड्याला खड्डाच म्हणा. आपल्याकडं यातला अर्धाच भाग विकायलेत.

कुणाच्या फायद्याचा आहे हा अर्धा भाग? साहेबांच्या केबिनमधला एसी बंद पडला तर तिथं कुणी घामाचे फायदे सांगत नाही, लगेच मिस्त्री येतो. संयमाचे धडे रांगेतल्या म्हाताऱ्या मावशीलाच.

आपल्या जिल्ह्याला जे मिळालं ते नाराज माणसांनी मिळवलं. 1972 ला कृषी विद्यापीठ आलं, ते आंदोलन झाल्यावर. 2023 ला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याच्या आधी धरणं झाली, मोर्चे निघाले. तेव्हा सगळे म्हणाले असते, नांदेड जवळच आहे, पेशंट नेताना तेवढाच प्रवास होतो, तर आजही आपण ॲम्ब्युलन्सच शोधत बसलो असतो.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही सांगतो. चहाच्या टपरीवर तासभर व्यवस्थेला शिव्या देणारेही त्याच माळेचे मणी आहेत. शिव्या देणारा अर्ज करत नाही, अन् 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणाराही करत नाही. कार्यालयाला दोघंही सारखेच प्रिय!

करण्यासारखं बरंच आहे. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेचा अर्ज दिला की पोच मिळायला पाहिजे, त्यावर मुदत पाहिजे. मुदत टळली तर पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. माहिती अधिकारात 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रस्त्याचं काम कुणाला दिलं, देखभालीची मुदत किती, हे विचारता येतं. अन् खड्ड्यांना हसणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतो. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळं मृत्यू झाल्यास 6 लाख आणि जखमी झाल्यास 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. कोर्टालाही निगेटिव्ह म्हणणार का?

तुमच्या गल्लीतला रस्ता, नाली, दाखला, जे अडलं असेल त्याचा अर्ज या आठवड्यात द्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्का अन् तारीख दिसेल असा फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा. मुदत संपलेल्या अर्जांची बातमी मी लावतो, तुमचं नाव न टाकता.